ट्रॅक्टरास साजेशी ट्रॉली

सुगी आटोपून हातीं चार पैसे आले म्हणजे ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत पहिला विचार येतो तो ट्रॉलीचा. ट्रॅक्टर घेतांना आपण दहा जणांस विचारतों, कंपन्यांचीं पत्रकें वाचतों, अश्वशक्तीचा हिशेब मांडतों. पण ट्रॉली मात्र तालुक्याच्या गांवीं एखाद्या वर्कशॉपांत जाऊन, शेजाऱ्याच्या ट्रॉलीकडे बोट दाखवून, "हिच्याहून हातभर मोठी करा" एवढ्या एका वाक्यावर ठरवून टाकतों. ह्या वाक्याची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे. ऊस भरलेली आमची ट्रॉली ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टरला ढकलीत खालीं गेली आणि ट्रॅक्टर आडवा होऊन पडला. हांकणाऱ्या गड्याचा जीव वांचला, पाय मात्र मोडला. दोष वर्कशॉपचा नव्हता, गड्याचाही नव्हता. ट्रॉली पसंत करणाऱ्या आमचा होता. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहोंत.

आमची चूक ही, कीं "आपला ट्रॅक्टर किती ओढील?" एवढेंच आम्हीं विचारलें, "किती थांबवील?" हें विचारलेंच नाहीं. सपाट डांबरी रस्त्यावर १० टनांची ट्रॉली ओढण्यास सुमारें २५० किलोचा जोर पुरतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरास हें काम पोरखेळ वाटतें, आणि आपणही फसतों. आतां तीच ट्रॉली दहा फुटांस एक फूट उतरणाऱ्या रस्त्यावर आणा. ट्रॅक्टर व ट्रॉली मिळून १२ टन; त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे १,२०० किलोचा जोर खालीं ओढूं लागतो. चाकांच्या घर्षणांत ३०० किलो जिरले असें धरलें, तरी ९०० उरतात.

हा जोर अडविणार कोण? आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांस ब्रेक मागल्या दोन चाकांनाच असतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरांत मागल्या चाकांवर सुमारें १,३०० किलो भार असतो. धुळीच्या किंवा ओल्या रस्त्यावर त्याच्या निम्मा, म्हणजे ६५० किलोचाच काय तो अटकाव मिळतो. इंजिनाचा अटकावही त्याच चाकांतून येतो, तेव्हां तो वेगळा धरतां येत नाहीं. ९०० किलोच्या ढकलीपुढें ६५० चा अटकाव! ब्रेक कितीही नवे असोत, चाकें जाम होऊन घसरणारच. आमच्या ओढ्यावर झालें तें हेंच.

ह्यास्तव पहिला नियम असा, कीं ट्रॉली निवडावी ती आपल्या नेहमीच्या वाटेवरील सर्वांत कठीण उतार पाहून. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसतील व वाट उताराची असेल, तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरच्या वजनाहून जड नसावी, असा दंडक आम्हीं आतां पाळतों. ह्याहून अधिक माल न्यावयाचा असेल, तर ट्रॉलीच्या चाकांस ब्रेक बसवून घ्यावेत. ट्रॉलीनें पुढें रेटा दिला कीं तिच्याच दांडीच्या दाबानें लागणारे ब्रेक असतात, तसेच ट्रॅक्टरवरून तेलाच्या दाबानें लावतां येणारेही असतात. हा खर्च वायफळ नव्हे. आपले वाडवडील घाट उतरतांना बैलगाडीच्या चाकास लांकडाचा अटकाव लावीत. तो बैलांच्या बळावर अविश्वास म्हणून नव्हे, तर ओझें आपलें आपण अडलें पाहिजे म्हणून.

दुसरा प्रश्न दोनचाकी ट्रॉली घ्यावी कीं चारचाकी. दोनचाकी ट्रॉली शेतांत वळावयास सोपी, मागें घ्यावयास सोपी. शेणखत, माती, वाळू उपसून टाकण्यास ती बरी. पण तिच्या ओझ्याचा कांहीं भाग ट्रॅक्टरच्या पिनेवर येतो. ज्यानें बैलगाडी हांकली आहे त्यास हें सांगावयास नको. माल मागें भरला तर गाडी उलार होऊन जूं वर उचललें जातें. पुढें फार भरला तर बैलांच्या माना दबतात. ट्रॅक्टरांत फरक एवढाच, कीं पिन मागल्या आंसाच्याही मागें असल्यानें तिच्यावर दाब आला म्हणजे ट्रॅक्टरचें तोंड हलकें होतें.

ह्याचाही हिशेब पाहूं. पिन आंसाच्या मागें ६० सेंटिमीटर, दोन आंसांमधील अंतर १९० सेंटिमीटर, व पिनेवर दाब ६०० किलो असेल, तर पुढल्या चाकांवरचा सुमारें १९० किलो भार उचलला जातो. पुढें मुळांत ७०० किलो होता, त्याचे ५१० राहिले. चढ लागला कीं ओढीच्या जोरानें आणखी तितकाच किंवा अधिक भार कमी होतो. ट्रॅक्टरच्या एकंदर वजनाचा निदान पांचवा हिस्सा पुढल्या चाकांवर नसेल, तर स्टिअरिंग फिरविलें तरी ट्रॅक्टर वळत नाहीं. म्हणून पुढें लावण्याचीं वजनें लावून घ्यावींत, व ट्रॉलींत माल असा भरावा कीं तो फार पुढें रेलणार नाहीं, आणि उलारही होणार नाहीं.

चारचाकी ट्रॉलीचें ओझें तिचीं चाकेंच पेलतात. पिनेवर दाब जवळजवळ नसतो. लांबच्या रस्त्यावर ऊस नेण्यास ती सोयीची. पण मागें घेणें कठीण, आणि ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांस तिच्याकडून जास्तीचा भार मिळत नसल्यानें ब्रेकांची गरज तिला अधिक. तिचा पुढला आंस ज्या आडव्या चकतीवर फिरतो, तशाच चकतीस घोड्यांच्या चारचाकी गाड्यांत इंग्रज लोक 'पांचवें चाक' म्हणत. आज अमेरिकेंत पिकअप गाडीमागें मोठे निवासी ट्रेलर ज्या जोडणीनें लावतात तिलाही हेंच नांव आहे. तेथें ती जोडणी गाडीच्या मागल्या आंसाच्या वर किंवा किंचित् पुढें बसवितात, म्हणजे ओझें आलें तरी गाडीचें तोंड उचललें जात नाहीं. आपल्या ट्रॅक्टरावर तशी सोय नाहीं. तेव्हां पिनेवरचा दाब आपणच जपला पाहिजे.

तिसरी गोष्ट मापाची. ट्रॉलीचा आकार पाहून वजन समजत नाहीं. तें मालावर अवलंबून असतें. १० फूट लांब, ६ फूट रुंद व २ फूट उंच साट्यांत १२० घनफूट माल मावतो. त्यांत कडबा भरला तर ओझें नांवालाच. पण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू भरली, तर साडेचार टन झाले, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही अधिक. फळ्या हातभर वाढविल्या कीं आंस, टायर व ट्रॅक्टर वाढत नाहींत. म्हणून रिकामी ट्रॉली व ट्रॅक्टर दोन्ही एकदां वजनकांट्यावर घालावींत. ट्रॅक्टरचीं पुढलीं व मागलीं चाकें निरनिराळीं तोलून आंकडे वहींत लिहून ठेवावे. टायरवर किती भार चालतो हें त्याच्या कडेस छापलेलें असतें; तें वाचूनच आंस व चाकें पसंत करावींत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं ट्रॉली हेंही वाहनच होय. तिची नोंदणी करून घ्यावी, व नोंदींत मंजूर झालेल्या वजनाबाहेर जाऊं नये.

साजेशी ट्रॉली घेतल्यावरही चार गोष्टी पाळाव्या लागतात. ट्रॉली नेहमीं खालच्या ड्रॉबारासच जोडावी. वरच्या दांडीस किंवा आंसाहून उंच जागीं जोडली, तर चढावर ट्रॅक्टरचें तोंड उचलून तो डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच हांकणाऱ्याच्या अंगावर उलटतो. पिनेस अटकावाची कडी व ट्रॉलीस जोडीची सांखळी असावी. रस्त्यावर जातांना दोन्ही ब्रेकांचे पेडल एकमेकांस अडकवावेत, नाहीं तर एकच चाक अडून ट्रॅक्टर गरकन् फिरतो. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा, आणि उतारावर क्लच दाबूं नये. रात्रीं मागें लाल दिवा व चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. अंधारांत उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास दिसत नाहीं, आणि तोही कोणाचा तरी मुलगाच असतो.

मोठ्या ट्रॉलीनें एक खेप वांचते, हें आम्हांस मान्य आहे. हंगामांत एकेका खेपेचें मोल काय असतें हें आम्ही जाणतों. पण आमच्या गड्याचा पाय बरा होईपर्यंत जे महिने गेले, त्यांत वांचलेल्या सर्व खेपा बुडाल्या, आणि त्याच्या घरीं तोंड दाखवितांना जी लाज वाटली ती कोणत्याही हिशेबांत मावत नाहीं. तेव्हां ट्रॉली सांगावयास जाण्यापूर्वीं वाचकांनीं आपल्या वाटेवरील उतार एकदां पायीं चालून पाहावा, आणि मगच वर्कशॉपची पायरी चढावी.