बंदुकीचा परवाना : अधिकार कोणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका अवर्षणप्रवण आहे. ज्वारीच्या पिकावर वर्षाची भिस्त ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात काळविटांचा कळप उतरला की, पीकसंरक्षणासाठी बंदूक मिळावी व ग्रामपंचायतीने तसा ठराव करावा, अशी अपेक्षा निर्माण होणे स्वाभाविक आहे.

परंतु अशा ठरावाने परवाना मिळत नाही. शस्त्रे व दारूगोळा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहे. म्हणून त्यासंबंधी कायदा संसद करते आणि शस्त्र अधिनियम, १९५९ देशभर लागू आहे. सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्यक्ष अंमलबजावणी राज्याच्या यंत्रणेकडून होते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले; त्यांत शस्त्रे नाहीत.

ग्रामीण भागात परवान्याचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. ते नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात व चौकशीअंती लेखी आदेश देतात. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद अधिनियमात आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही, या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. गावातील मैत्री, वैर व गटबाजी यांपासून हा निर्णय दूर राहतो, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय.

कर्जतच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे. तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळवीट अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे अगदी लहान आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ अन्वये अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसहमतीवाचून नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. शिवाय परवाना असला, तरी काळविटावर गोळी झाडण्याची मुभा मिळत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून पिकाची नासाडी हे त्याच्या शिकारीस कायदेशीर कारण ठरत नाही.

मग पंचायतीने करावयाचे काय? नुकसान झालेल्या शेतकऱ्यास वन विभागाकडे भरपाईचा अर्ज विनाविलंब करण्यास आणि पंचनामा करवून घेण्यास साहाय्य करावे. शस्त्राचा गैरवापर आढळल्यास पोलिसांना कळवावे. सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्यास आहे. परवाना देणे पंचायतीच्या हाती नसले, तरी शेतकऱ्यास योग्य दारापर्यंत पोहोचविणे निश्चितच तिच्या हाती आहे.