चिली पावडर म्हणजे तिखट नव्हे

अमेरिकेत नव्यानं गेलेल्या मराठी माणसाची एक फजिती ठरलेली. जवळच्या दुकानातून ‘चिली पावडर’ची बाटली आणायची, भेंडीच्या भाजीत चमचाभर घालायची, आणि भाजीला तिखटपणा नाही तो नाहीच, वर ओरेगॅनोचा पिझ्झासारखा वास! आपण ज्याला तिखट म्हणतो त्यात मिरचीशिवाय काही नसतं. त्या बाटलीत मात्र मिरचीबरोबर जिरे, लसूण, ओरेगॅनो आणि बहुधा मीठही असतं. म्हणजे तो मसाला, आपल्या कांदा-लसूण मसाल्याचा लांबचा भाऊ.

हा मसाला ज्या पदार्थासाठी जन्मला तो टेक्ससची ‘चिली’, मिरचीच्या दाट रश्श्यात शिजवलेलं गोमांस. सॅन अँटोनिओच्या मिलिटरी प्लाझात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात ती विकणाऱ्या बायकांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. मसाल्याची डबी मात्र बाजारात आणली एका जर्मन माणसानं. विल्यम गेबहार्ट यानं १८९२ मध्ये न्यू ब्राउनफेल्स गावी एका दारूच्या गुत्त्यामागे खानावळ काढली. त्याची अडचण साधी होती: मिरची मिळायची हंगामात, गिऱ्हाईक मात्र बारमाही. त्यानं मेक्सिकोची आंचो मिरची मागवली, खिम्याच्या यंत्रातून दळली आणि भुकटी करून ठेवली. १८९६ मध्ये ‘ईगल’ या छापाची नोंदणी झाली. आपल्या आज्या उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कुटून वर्षाची बेगमी करत, ती कशासाठी, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो. रंगानं गडद, चवीला मनुकांसारखी गोडसर, तिखटपणाला अगदीच बेताची; स्वभावानं ब्याडगीच्या जवळची. म्हणूनच अमेरिकी पाककृतीत किलोभर मांसाला तीन-चार मोठे चमचे पावडर सहज लिहिलेली असते. तिथे आपलं संकेश्वरी तिखट तेवढंच घातलंत तर ताट पुढे सरकवायला माणूस उरणार नाही.

कट्टर टेक्ससवाले अख्ख्या मिरच्या भिजवून वाटतात आणि डबीला नाकं मुरडतात. (बीन्सना तर उंबराही ओलांडू देत नाहीत.) गंमत अशी, की १९६७ पासून टर्लिंग्वा या ओसाड गावी भरणाऱ्या चिलीच्या स्पर्धांत मुरलेले स्वयंपाकी सर्रास डबीतलीच पावडर वापरतात. एकच नव्हे, दोन-तीन मिसळून. मला त्यांचंच पटतं. खोट मसाल्यात नाही, तो सगळा एकदम ओतण्यात आहे. दळलेल्या जिऱ्याचा वास दोन तासांच्या उकळीत निम्मा उडून जातो. म्हणून ते मसाला हप्त्याहप्त्यानं घालतात: पहिला मांस परतल्यावर रश्श्यात, दुसरा मांस मऊ व्हायला लागल्यावर, आणि शेवटचा भांडं उतरवायच्या थोडं आधी. मीठ त्याच्याही नंतर, चव घेऊन. कारण डबीतलं मीठ तोवर किती उतरलंय, हे जिभेलाच कळतं.