खेळाडूचा खर्च कोणी सोसावा?

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यास खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद भूषविलेल्या बॅ. खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक आणले.

अमेरिकेतील कॉलेजांत फुटबॉलपटूंचा खर्च नियमाने ठरतो. शिष्यवृत्तीच्या खेळाडूची फी, राहणे, जेवण, पुस्तके कॉलेज सोसते. वरच्या श्रेणीतील संघाला अशा ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा असे. शिष्यवृत्तीवाचून खेळणारा तो ‘वॉक-ऑन’, म्हणजे आपल्याकडचा बिनपगारी उमेदवारच! घाम सारखाच, फी मात्र घरची. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांत ८५ ची मर्यादा गेली. पण संघात १०५ हूनच अधिक खेळाडू नकोत असे ठरले. शिष्यवृत्त्यांना वाव मिळाला, उमेदवारांचे दार अरुंद झाले.

महाराष्ट्रात प्रावीण्य मिळविलेल्या खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के जागा राखीव आहेत. पण ते फळ नंतरचे. भूक सरावाच्या दिवसांत लागते. कामगार चळवळीत माझी हयात गेली. म्हणून पिंपळगावच्या आईबापांना सांगतो : मुलाला संघात धाडताना विचारा, खर्च कोणाचा, किती वर्षे, हातपाय मोडल्यास काय? उत्तर लेखी घ्या. खर्डेकर नशिबाने भेटतात; नियम मागून मिळवावा लागतो.