समुपदेशकाचे कोण ऐकणार?

काही वर्षांपूर्वी एका व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक निद्रानाशाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. रक्तदाब किंचित वाढलेला, बाकी तपासण्या ठीक. औषध लिहिता लिहिता कामाचा ताण आहे का, असे विचारले. थोडे थांबून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सहा महिने दारू सोडलेला माझा एक रुग्ण परवा पुन्हा प्यायला. त्याच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही." हे गृहस्थ स्वतः एके काळी व्यसनाधीन होते. केंद्रात याविषयी कोणाशी बोलता का, यावर उत्तर आले, "वरिष्ठ येतात, पण ते रजिस्टर पाहतात."

रजिस्टर पाहणे ही तपासणी झाली. समुपदेशकाला हवे असते ते व्यावसायिक पर्यवेक्षण. अनुभवी सहकाऱ्यासमोर आपली एखादी केस ठरावीक वेळी मोकळेपणाने मांडायची, आणि रुग्णाबरोबर आपल्या मनात काय चालले आहे तेही पाहायचे. बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेने 1920 च्या दशकातच ते प्रशिक्षणाचा भाग केले होते. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेच्या अधिस्वीकृत सदस्यांना आज महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावे लागते. आपण डॉक्टरांनीही यात परकेपणा मानू नये. मायकेल बॅलिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये सामान्य डॉक्टरांचे असेच गट चालवले आणि त्या अनुभवावरचा त्यांचा ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही गरज अधिक तीव्र असते, कारण येथे बरा झालेला रुग्णच पुष्कळदा कार्यकर्ता होतो. पुण्याचे 'मुक्तांगण' हे आपल्या परिचयाचे उदाहरण. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 मध्ये ते सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे इतरांना हात देऊ लागली. "मीही त्यातून गेलो आहे" या एका वाक्याने जो विश्वास निर्माण होतो, तो आमच्या पदव्यांनी होत नाही. मात्र रुग्णाची घसरण अशा समुपदेशकाला स्वतःची वाटते आणि त्याची जुनी ओढ जागी होऊ शकते. ती कबूल केली तर नोकरी जाईल, ही भीती वेगळीच.

केंद्र सरकारने करवलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे 38 व्यक्तींपैकी एकालाच काही उपचार मिळतात. अफूच्या शेतीचे मंदसौर, नीमच आणि रतलाम जिल्हे तर इंदूरपासून दूर नाहीत. असे असताना हाताशी असलेला अनुभवी समुपदेशक थकून काम सोडून गेला, तर त्याची जागा कोण घेणार?

मी फिजिशियन, पर्यवेक्षण हे माझे क्षेत्र नव्हे. म्हणून एका मनोविकारतज्ज्ञ मित्राला गळ घातली. पंधरवड्यातून एका गुरुवारी, ओपीडी संपल्यावर माझ्याच दवाखान्यात तीन-चार समुपदेशक जमू लागले. (चहा आमच्या सौभाग्यवतींचा, त्यामुळे उपस्थिती चांगली राहिली.) नियम दोनच होते. रुग्णाचे नाव घ्यायचे नाही. आणि ज्याच्या हाती कोणाचा पगार वा बढती आहे, त्याने त्या बैठकीत बसायचे नाही. दुसरा नियम एका संस्थाचालकांना फारसा रुचला नाही.

निद्रानाशाच्या त्या गृहस्थांनी तिसऱ्या बैठकीत तोंड उघडले. रुग्णाला त्यांनी दोनदा उसने पैसे दिले होते, मध्यरात्रीचे त्याचे फोनही ते घेत होते. मित्राने दोष दिला नाही. इतकेच विचारले, "हे तुम्ही त्याच्यासाठी करत होता, की तेव्हाच्या तुमच्यासाठी?" बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "तेव्हा माझा फोन कोणी उचलला नव्हता."

हा प्रसंग त्यांच्या अनुमतीने लिहिला आहे. रात्री दहानंतर ते आता फोन घेत नाहीत. तो रुग्ण पुन्हा केंद्रात दाखल झाला आणि त्याची केस दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवली गेली. गुरुवारच्या बैठकीसाठी आणखी एक मनोविकारतज्ज्ञ हवे आहेत. आपल्या सोसायटीतील ज्यांना पंधरवड्यातून एक तास देणे शक्य असेल, त्यांनी कृपया संपर्क साधावा.