गेम बॉय: चार सेल, चार छटा

नवा फोन किंवा कन्सोल आला की आपण आधी आकडे बघतो. रॅम किती, स्क्रीन कसली. अशा वेळी मला हटकून निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, गेम बॉय, आठवतो.

१९८९ साली तो जपानमध्ये आला तेव्हा त्याचा पडदा रंगीतसुद्धा नव्हता. हिरवट स्क्रीनवर चारच छटा, १६० बाय १४४ पिक्सेल, आणि मागून उजेड नाही. म्हणजे अंधारात खेळणं बंद! त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर रंगीत, उजळ पडदे घेऊन आले. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि तेही काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा-पंधरा तास आरामात चाले. प्रवासात मुलाला काय हवं असतं? खेळ मध्येच बंद पडू नये, एवढंच.

हे डोकं गुनपेई योकोई यांचं. पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला ते १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले. जुनं, स्वस्त झालेलं, पुरतं पारखलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधायचा, ही त्यांची पद्धत. कॅल्क्युलेटरच्या स्वस्त एलसीडीतून त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ काढला होता. कंट्रोलरवरचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण, ज्यावर आपला अंगठा आजही फिरतो, तेही त्यांचंच.

गेम बॉय आणि त्याचा नंतरचा रंगीत अवतार गेम बॉय कलर मिळून जवळपास १२ कोटी नग विकले गेले. अमेरिकेत सोबत टेट्रिस मिळायचा, हेही मोठं कारण. पडणारे ठोकळे ओळखायला रंग लागतोच कुठे?