बँकेच्या तिजोरीत 'फ्री' काय असतं?

बँकेचा शेअर घ्यायचाय आणि एक्सेलमध्ये फ्री कॅश फ्लोचं गणित मांडून बसलाय? मग एन्टर दाबण्याआधी हे वाचाच...

रविवारची दुपार. घोडबंदर रोड, वाघबीळ. एकोणिसावा मजला, भाड्याचा टू बीएचके. एका खिडकीतून येऊरचा डोंगर, दुसरीतून टॉवरच्या क्रेन्स. माझा मित्र लॅपटॉप उघडून बसलेला आणि चेहऱ्यावर वर्ल्ड कप जिंकल्याचा आनंद. पाच वर्षं पै-पै करून त्याने फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी अकरा लाख साठवलेत. "फ्लॅटला अजून दोन वर्षं आहेत. तोवर एफडीत सडवू का?" हा त्याचा सवाल. उत्तर त्याने स्वतःच शोधलं होतं. एका बँकेचा शेअर.

आता हा काही टिप ऐकून उडी मारणारा गडी नाही. त्याने रीतसर शीट बनवली होती. बँकेचा पुढच्या पंधरा वर्षांचा फ्री कॅश फ्लो, त्यातून महागाई वजा, मग आजची किंमत. तळाशी एक हिरवा चौकोन. त्यात शेअरची 'खरी' किंमत बाजारभावाच्या तिप्पट!

"सॉलिड ना?"

मी मास कॉमवाली. हिरवा रंग दिसला की मला सगळं सॉलिडच वाटतं. पण चहाला चौथ्या मजल्यावरचे काका आले होते. सरकारी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य घालवून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला. "अरे, ह्यात लोकांच्या ठेवी कुठल्या रकान्यात घातल्यास?"

हिरव्या चौकोनाची सगळी गंमत त्या प्रश्नात होती.

नोटा हाच कच्चा माल

फ्री कॅश फ्लोचा फंडा तसा सोपा आहे. ठाणे स्टेशनबाहेर वडापावची गाडी टाकलीत. दिवसभराच्या गल्ल्यातून बटाटे, बेसन, तेल, पाव, पोऱ्याचा पगार गेला. जुनी शेगडी बदलायला काही बाजूला काढले. त्यानंतर जे उरलं ते तुमचं. घरी न्या, सिनेमा बघा, गाडीला काहीही होणार नाही. हेच ते 'फ्री'.

आता वडापावच्या जागी पैसा ठेवा. बँक पैसा घेते आणि पैसाच विकते. एफडी म्हणून आलेली रक्कम हा तिचा कच्चा माल आणि होम लोन म्हणून गेलेली रक्कम हा तिचा पक्का माल. दोन्ही नोटाच! आपल्याकडच्या बँकांच्या कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये ठेवी वाढल्या की ती रोख 'आत आली' म्हणून दिसते आणि कर्जं वाढली की 'बाहेर गेली'. समजा, वर्षात ठेवी ५,००० कोटींनी वाढल्या आणि कर्जं ३,००० कोटींनी. मधले २,००० कोटी शीटमध्ये झक्कास कॅश फ्लो म्हणून उगवतात. प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी आजीच्या एफडीचे पैसे असतात. भागधारकाचा त्यावर काडीचा हक्क नाही.

उलटंही होतं. एखादी उत्तम बँक जोरात कर्जवाटप करत असेल तर तिचा कॅश फ्लो उणे दिसेल. ज्या बँकेला कर्ज द्यायला धड गिऱ्हाईक मिळत नाही, तिचा मस्त हिरवा. म्हणजे चांगल्या-वाईटाचा निकाल थेट उलटाच! न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवणारे आणि जगभरचे इन्व्हेस्टर ज्यांना मानतात ते अश्वथ दामोदरनही बँकांच्या बाबतीत नेहमीचा फ्री कॅश फ्लो बाजूलाच ठेवायला सांगतात. त्यांच्या मते बघायचं ते डिव्हिडंड आणि नियमांप्रमाणे लागणारं भांडवल.

मग मित्राची कल्पनाच फुकट? तर नाही. 'महागाई वजा करून, लांब पल्ल्याचं, खरोखर मोकळं' हे तिन्ही शब्द बँकेलाही लागू पडतात. फक्त ते मोजायचे वेगळ्या ठिकाणी.

दिव्यांच्या खिडक्या आणि रुपयाची झीज

रात्री घोडबंदर रोडवर एक चक्कर मारा. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत खिडक्याच खिडक्या आणि त्यातल्या कितीतरी खिडक्यांमागे होम लोनचा हप्ता. आपल्यासाठी ते कर्ज, पण बँकेच्या ताळेबंदात तीच 'मालमत्ता'. म्हणजे हा आख्खा रोड कुठल्या ना कुठल्या बँकेच्या वहीत नोंदवलेला आहे म्हणा ना!

५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज. हप्ता होतो ४३,३९१ रुपये. फ्लोटिंग रेटमुळे तो वर-खाली होतो, पण घटकाभर स्थिर धरू. महागाई वर्षाला ५ टक्के असेल तर शेवटच्या हप्त्याची किंमत आजच्या पैशात साधारण १६,३५० रुपये. कर्जदाराला ऐकून गुदगुल्या होतील. मग हे नुकसान सोसतं कोण? बरंचसं ठेवीदार, कारण त्याची एफडीही रुपयातच असते आणि तीही तशीच झिजते. पण बँकेचं स्वतःचं भांडवल, म्हणजे आपल्यासारख्या भागधारकांचा पैसा, तोही कर्जाच्या रूपात रुपयातच अडकलेला असतो. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याकडे निदान जमीन असते, शेड असते. महागाईबरोबर त्यांचा भाव चढतो. बँकेच्या नेटवर्थला असा आधार नाही. शंभर रुपये म्हणजे शंभर रुपये.

त्यात रिझर्व्ह बँकेचा नियम. जोखमीच्या हिशेबाने मोजलेल्या दर १०० रुपयांच्या मालमत्तेमागे बँकेला किमान साडेअकरा रुपये भांडवल ठेवावंच लागतं. महागाईने फ्लॅट महागला की कर्जही मोठं होतं आणि तितकीच घरं विकत घेऊन द्यायची म्हटली तरी बँकेला दरवर्षी जास्त भांडवल लागतं. हे भांडवल येणार कुठून? नफ्यातून. म्हणजे नफ्याचा एक तुकडा जागच्या जागी उभं राहण्यातच संपतो. वॉरन बफेंनी १९७७ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकात महागाई शेअरहोल्डरला कशी गंडवते यावर एक लेख लिहिला होता. त्यांचं लक्ष सगळ्याच कंपन्यांवर होतं, पण मला तरी तो बँकांना सगळ्यात चपखल बसतो असं वाटतं.

काकांनी पेपर नॅपकिनवर जे गणित मांडलं ते असं. नेटवर्थ १०० रुपये, नफा १५ रुपये. महागाई ५ टक्के, म्हणजे नेटवर्थ १०५ झालं तरच ती जिथे होती तिथे राहिली. ते ५ रुपये वजा करा. खरं मोकळं उरलं १०. महागाई सोडून तुम्हाला ८ टक्के रिटर्न हवा असेल, तर १० रुपयांच्या या झऱ्याची किंमत १२५. म्हणजे बुक व्हॅल्यूच्या सव्वापट.

आता दुसरी बँक. नेटवर्थ तेच १००, नफा ८. महागाईचे ५ गेले, उरले ३. त्याच ८ टक्क्यांनी किंमत येते साडेसदतीस रुपये! नफा जेमतेम निम्म्याने कमी, पण किंमत एकतृतीयांशाहूनही खाली. "शेअर बुक व्हॅल्यूच्या निम्म्यात मिळतोय, लूट लो!" असं म्हणणाऱ्यांनी हा नॅपकिन पाकिटात ठेवावा.

आणि बँक महागाईपेक्षा जोरात वाढत असेल तर? तर आणखी भांडवल लागतं. एचडीएफसी बँकेचंच बघा. २०१७-१८ चा नफा १७,४८७ कोटी. कुणालाही हेवा वाटावा असा आकडा. तरीही २०१८ मध्ये या बँकेने पालक कंपनी आणि इतर गुंतवणूकदारांकडून मिळून सुमारे २४ हजार कोटींचं नवं भांडवल उभं केलं. म्हणजे वर्षभराच्या नफ्यापेक्षा जास्त! बँक अडचणीत होती म्हणून नव्हे, तर वाढीची भूक तेवढी होती म्हणून. अशा बँकेच्या शीटमध्ये 'मोकळी रोख' शोधणं म्हणजे वाढत्या वयाच्या पोराच्या ताटात उरलेली पोळी शोधणं.

पल्ला किती लांब?

सगळ्यात मोठी मेख इथे आहे. बँकेचा नफा हा त्या वर्षीचा अंदाज असतो. कर्ज आज दिलं, व्याज आज नफ्यात आलं आणि ते बुडालं हे कळतं पाच वर्षांनी.

आपल्या महाबँकेचं उदाहरण घेऊ. बँक ऑफ महाराष्ट्र, १९३५ ची पुण्याची बँक, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेली. ठाण्या-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांमधलं पहिलं पासबुक हिचंच. २०२४-२५ मध्ये बँकेने ५,५२० कोटींचा नफा कमावला. वा! आता थोडं मागे जाऊ. २०१६-१७ मध्ये १,३७३ कोटींचा तोटा. पुढच्या वर्षी १,१४६ कोटींचा तोटा. २०१८-१९ मध्ये तर ४,७८४ कोटींचा. मग ३८९, ५५०, १,१५२ आणि २०२२-२३ मध्ये २,६०२ कोटींचा नफा. या सात वर्षांची बेरीज केलीत? उणे २,६१० कोटी. नंतरची दोन झकास वर्षं मिळवली (२०२३-२४ चे ४,०५५ कोटी धरून) की नऊ वर्षांचं मिळून होतं ६,९६५ कोटी. वर्षाला सरासरी ७७४. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये बँकेवर निर्बंध घातले, ते जानेवारी २०१९ मध्ये उठले आणि सरकारने हजारो कोटी ओतले. आजची महाबँक तेव्हाच्यापेक्षा खूपच सुधारली आहे, हे मान्यच. पण शीटमध्ये ५,५२० टाकायचे की ७७४, यावर हिरव्या चौकोनाचा रंग ठरतो.

शेअरहोल्डरचं काय झालं? २००४ मध्ये या बँकेचा आयपीओ आला, २३ रुपयांना. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या पडझडीत, शेअर दहाच्याही खाली. महागाई वर्षाला साडेसहा टक्के जरी धरली तरी नुसतं जागेवर राहायला तोवर ६३ रुपये व्हायला हवे होते. जून २०२४ मध्ये भाव ७३ च्या आसपास गेला तेव्हा टीव्हीवर तिप्पट झाल्याचे फटाके फुटू शकतात. पण वीस वर्षांची महागाई त्याच दराने धरली तर २३ चे ८१ व्हायला हवेत. मधले डिव्हिडंड मिळाले, ते वेगळे मोजा. तरीही वीस वर्षं थांबलेल्या माणसाच्या हाती काय लागलं, हे आलं ना लक्षात?

आणि कधीकधी नफ्याचा आकडा दिसतो तसा नसतोच. येस बँक आठवतेय? मार्च २०१६ अखेर बँकेने आपली थकीत कर्जं ७४९ कोटी दाखवली होती. रिझर्व्ह बँकेने तपासलं तर आकडा निघाला ४,९२६ कोटी. तरी २०१७-१८ चा नफा ४,२२५ कोटी जाहीर झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर चारशेच्या घरात पोचला. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी बँकेवर निर्बंध आले. खात्यातून फक्त ५० हजार काढता येणार! ठेवीदारांची सुटका १८ मार्चला झाली. शेअरहोल्डरची गोष्ट वेगळी. ज्याच्याकडे शंभरहून जास्त शेअर होते, त्याचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी कुलूपबंद झाले. डाउन पेमेंटची तारीख कुणासाठी थांबत नाही, आणि दोन वर्षांत लागणारा पैसा बँकेच्या शेअरमध्ये का घालू नये, याला याहून मोठं कारण मला तरी सुचत नाही. मग शेअर कितीही स्वस्त असो.

डिव्हिडंड तरी पक्का? तोही पूर्णपणे बँकेच्या हातात नाही. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं की २०१९-२० च्या नफ्यातून डिव्हिडंड द्यायचा नाही. नफा होता, रोख होती, पण 'फ्री' नव्हती.

शीट मांडायचीच असेल तर...

वीकेंडला दोन तास काढा. बँकेच्या वेबसाइटवरून निदान दहा वर्षांचे अॅन्युअल रिपोर्ट उतरवा. त्यात एखादं तरी वाईट वर्ष आलंच पाहिजे, नाहीतर आणखी मागे जा. दर वर्षीचा निव्वळ नफा लिहा, तोट्याचं वर्ष तोट्यासकट. त्यातून नेटवर्थ गुणिले त्या वर्षीची महागाई वजा करा. दहा वर्षांत किती नवे शेअर काढले तेही बाजूला मांडा, कारण केकचा आकार वाढला तरी तुमचा तुकडा लहान होतो. आणि सगळं 'प्रति शेअर' करा.

मग रिपोर्टच्या शेवटी शेवटी, बारीक अक्षरातल्या टिपांमध्ये एक शब्द शोधा... 'डायव्हर्जन्स'. बँकेने दाखवलेली थकीत कर्जं आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेली थकीत कर्जं यात ठरावीक मर्यादेपलीकडे फरक असेल, तर तो तिथे छापणं एप्रिल २०१७ पासून बंधनकारक आहे. हे पान आधी वाचा, चेअरमनचा हसरा फोटो नंतर बघा.