'वात' आणि मौन : मुग्धभ्रांतीच्या मराठी शब्दांविषयी

रुग्णाच्या उशाशी बसलेल्या आप्ताचे शब्द वैद्यकाप्रमाणेच भाषाभ्यासालाही विचारणीय असतात. ढोकीसारख्या गावातून एखाद्या वृद्धास धाराशिव, लातूर किंवा बार्शी येथील रुग्णालयात हलवावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याने घरच्यांस ओळखू नये, सलाईनची नळी उपसावी, दिवंगतांशी बोलू लागावे, हा अनुभव दुर्मिळ नाही. अशा वेळी "वात झालाय", "बरळतायत", "म्हातारचळ लागला", "बाहेरचं आहे" असे उद्गार निघतात. वैद्यक या अवस्थेस डिलिरियम अथवा मुग्धभ्रांती म्हणते.

यांतील काही नावांत कारण व उपायही गृहीत धरलेले असतात. 'वात' हा शब्द विकार शरीरातच शोधतो. त्याची उपपत्ती जुनी असली तरी दिशा योग्य आहे. कारण जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम घटणे, लघवी तुंबणे, शस्त्रक्रिया, झोपेची औषधे यांपैकी एक वा अनेक कारणे मुग्धभ्रांतीच्या मुळाशी असू शकतात. 'म्हातारचळ' मात्र वयाकडे बोट दाखवून शोध थांबवितो, तर 'बाहेरचं' हा शब्द उपायच रुग्णालयाबाहेर नेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'बरळणे', 'बडबडणे' ही क्रियापदे बोलणाऱ्या रुग्णाचीच आहेत, आणि 'वात झाला' म्हणतानाही डोळ्यांपुढे तोच येतो. मुग्धभ्रांतीचा दुसरा प्रकार अबोल असतो : रुग्ण मंदावतो, हाकेला उशिरा ओ देतो, घास तोंडात तसाच ठेवतो. त्यास रूढ नाव नसल्याने "आज शांत पडलेत" असे समाधानाने म्हटले जाते, आणि धोका नजरेआड होतो. संस्कृतात 'मुग्ध' म्हणजे गोंधळलेला, तर मराठीत अबोल. पारिभाषिक शब्दात दोन्ही अर्थ अनायासे एकत्र आले आहेत.

'डिलिरियम' या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ नांगराचा तास सोडणे असा आहे. तास सुटला हे ओळखण्यास मूळ तास ठाऊक असावा लागतो, आणि तो आप्तासच ठाऊक असतो. 1990 साली शॅरन इनूय व सहकाऱ्यांनी मांडलेल्या तपासणीपद्धतीत अवस्थेतील आकस्मिक बदल व चढउतार ही पहिलीच कसोटी आहे. म्हणून परिचारिकेने "वेड आहे का?" असे न विचारता "काल असे होते का?" असे विचारावे. आप्तानेही "कालपर्यंत असे नव्हते" एवढे वाक्य, रुग्ण शांत असला तरी, त्वरित सांगावे. कारणावर वेळीच उपचार झाल्यास ही अवस्था बहुधा ओसरते; विलंब मात्र प्राणावर बेतू शकतो.